पितरांच्या नावानं जेवणारे दादा

पितृपक्षात आमच्या घरमालकांकडे कुठलंही काम काढायचं नाही, हे मला त्या गावात राहायला गेल्यावर पहिल्याच वर्षी कळलं. मोरीतला नळ गळत होता. सांगायला गेले तर त्यांच्या आईनं दारातूनच वाटेला लावलं. "दादा आज भेटाचो नाय बाई. तो म्हाळाक गेलो." दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हाही ते म्हाळाला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही म्हाळालाच. या माणसाच्या घरात एवढी माणसं मेली तरी कधी, असं माझ्या मनात आलं. नळ अमावस्येनंतर दुरुस्त झाला.

मी घाटावरची. देवगड तालुक्यातल्या त्या समुद्रकाठच्या गावच्या हायस्कुलात बदली होऊन आले आणि दादांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. म्हाळाला पितरं आमच्याकडेही जेवतात, पण इथली रीत जास्त थेट आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं बाहेरच्या एकाला पानावर बसवायचं. भावकीतला चालत नाही. एकदा तो पानावर बसला की उठेपर्यंत तो त्या घरचा बाप असतो, आजोबा असतो, बुडालेला भाऊ असतो. त्यानं पोटभर जेवावं आणि पानात काही टाकू नये, म्हणजे गेलेलं माणूस तृप्त झालं. आणि हे काम दादांसारखं करणारा दुसरा कुणी पंचक्रोशीत नव्हता, कारण दादांसारखं जेवणाराच कुणी नव्हता.

दादा प्रचंड होते. हा शब्द मी मुलांना निबंधात उगाच वापरू देत नाही, पण इथं माझाही इलाज चालत नाही. खुर्च्या मोडून झाल्यावर त्यांनी खळ्यात स्वतःसाठी चिऱ्यांचा कट्टा बांधून घेतला होता. दिवसभर त्यावर बसून ते कलमांच्या बागेचा कारभार बघत, म्हणजे गड्यांवर ओरडत. रिक्षात मावत नसल्यामुळे देवगडला जायचं तर आंब्याच्या टेम्पोच्या हौद्यात बसून जात, आणि वाटेत कुणी हात केला तर राजासारखा परत हात करत. पायात चप्पल त्यांची आई घालायची. ती एवढीशी बाई, मी तिला काकी म्हणत असे. चाळिशी ओलांडलेल्या मुलापुढे ती उकिडवी बसून त्याचा एकेक पाय उचलून चपलेत घालायची, तेव्हा ते आकाशाकडे बघत राहायचे.

लग्न त्यांचं झालं नव्हतं. "माझ्या वांगडा एका खोलयेत वारो पन रवना नाय, बायल खंयसर रवतली?" असं ते स्वतःच सांगायचे आणि ऐकणाऱ्याच्या आधी हसून घ्यायचे.

म्हाळाला जाताना ते स्वतःचा पाट घेऊन जात. फणसाच्या फळीचा, खास रुंद करून घेतलेला. अंगावर धुतलेला सदरा, काखेत पाट, आणि दर दहा पावलांवर थांबून घेतलेला श्वास. एकदा आमच्या शाळेच्या शिपायाच्या घरी मी त्यांना जेवताना पाहिलं. मला वाटलं होतं, बकाबका खात असतील. तसं नव्हतं. ते मान खाली घालून, एक शब्द न बोलता, अगदी सावकाश जेवत होते, आणि वड्याचा तुकडा मोडतानाही त्या जाड बोटांना घाई नव्हती. पान लख्ख झाल्यावर ते उठले, हात धुतले आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "जेवलो हां तुमचो झील. पोटभर जेवलो." शिपायाची आजी, गेलेल्याची आई, पदर तोंडाला लावून आत गेली. दादांनी सुपारी घेतली आणि पाट उचलला. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या दिवशी मला घरी येऊन जेवावंसं वाटलं नाही.

"बाई, माझ्या पोटात अर्धो गाव पुरलेलो आसा," ते मला एकदा म्हणाले. "म्हणान ह्या एवढा वाढला."

हे सगळं गमतीचं होतं असं मात्र नव्हे. दादांचे वडील याच अंगाचे, आणि पन्नाशी गाठायच्या आत गेलेले. थोरला भाऊ त्याहून लवकर गेला, भर हंगामात, बागेतच. काकी त्याला न्याहारी घेऊन गेली होती. कलमाखाली बसलेला दिसला म्हणून तिनं डबा उघडून पुढे ठेवला आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत बसली. नंतर तिच्या लक्षात आलं. भावाची बायको दिवसकार्य होताच माहेरी गेली ती परत आली नाही. उरले ही माय आणि हा लेक. दादा दुपारी कट्ट्यावरच बसल्याबसल्या झोपत. त्यांचं घोरणं माझ्या खोलीत ऐकू येई, आणि मधेच ते बंद पडे. तेव्हा काकी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राही आणि घोरणं पुन्हा सुरू झालं की आत जाई. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं ते मला बघवत नसे.

दादांना जगायची हौस होती असं मला कधी वाटलं नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्यांना आईनंतर मरायचं होतं. "एका झिलाक तिना पोचवलान," ते म्हणायचे. "दुसऱ्याक पोचवूची पाळी तिच्यार आणूची नाय. मी तिका पोचवतलंय. मगे माझा काय व्हयत ता होवदे."

कोल्हापूरच्या कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात पोट कापून लहान करतात, हे त्यांना मुंबईच्या एका आंबेवाल्यानं सांगितलं. तिथून निरोप आला की आधी वजन कळवा. आरोग्य केंद्रातला काटा दादांना पुरला नाही. तेव्हा ते म्हणाले, "चला, काजीच्या काट्यार." काजूची बी विकत घेणाऱ्याच्या दुकानात गोण्या तोलायचा काटा होता, आणि हंगाम असल्यामुळे दारात विकणाऱ्यांची रांग होती. मी औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन बरोबर गेले होते. दादा चढले. दुकानदारानं आकडा हळूच माझ्या कानात सांगितला. दादा मोठ्यानं म्हणाले, "मोठ्यान सांग रे. आणि गोणयेचा वजन वजा कर." सगळे पोट धरून हसले, दादाही हसले. घरी आल्यावर मात्र ते कट्ट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसले आणि संध्याकाळपर्यंत कुणावर ओरडले नाहीत.

काकीला ऑपरेशन समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी जीवशास्त्राची बाई, फळ्यावर जठर काढणारी. मी सांगितलं, पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवतात, मग माणसाला भूक कमी लागते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोटात गाठ आसा?" नाही म्हटलं. "फोड आसा?" तोही नाही. "मगे जेवता म्हणान कोण झिलाचा पोट कापता?" दादा म्हणाले, "आये, तुका पोचवूक व्हया म्हणान कापतंय." ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "पोचव. पन जेवान पोचव."

ऑपरेशन चांगलं झालं. दादा परत आले ते चमच्यानं पाणी पीत. मग पेजेची निवळ, मग मऊ भात, मग वाटीत मावेल तेवढं काहीही. महिन्यामहिन्यानं माणूस आटत गेला. रक्तातली साखर उतरली, गोळ्या बंद झाल्या, दुपारचं घोरणं थांबलं. त्या वर्षी ते लहानपणानंतर पहिल्यांदा शिडी लावून कलमावर चढले. वरून त्यांनी मला हाक मारली, "बाई, हयसून दर्या दिसता." त्या हाकेत इतका आनंद होता की मीही खाली उभी राहून हात हलवला. खाली काकी त्यांच्या चपला हातात धरून उभी होती. ते उतरले, चपला तिच्या हातातून घेतल्या आणि स्वतःच्या स्वतः घातल्या. ती तशीच उभी राहिली.

पण त्या नव्या माणसाला गाव ओळखेना. दंडाची, गळ्याची कातडी लोंबत होती, केस गेले होते, आणि त्यांना थंडी वाजायची. मे महिन्याच्या उकाड्यात स्वेटर घालून बसायचे. सुट्टीला आलेले मुंबईकर खळ्यात येऊन त्यांनाच विचारत, "दादा खंय गेले?" दादा गंभीर तोंडानं सांगत, "दादा म्हाळाक गेले." काहीजण खरंच परत जात. गावात पसरलं की दादांना मोठा आजार झाला आहे. लोक मोसंबी घेऊन भेटायला येऊ लागले, दादा ती मोसंबी माझ्या वर्गातल्या मुलांना वाटायला देत.

पितृपक्ष आला. दादा रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कट्ट्यावर बसत. कुणी बोलवायला आलं नाही. कुणाचा राग नव्हता. वाटीभर खाणाऱ्याला आपल्या बापाच्या पानावर कोण बसवणार? त्यांच्या जागी मीही बसवलं नसतं.

एकच बोलावणं आलं आणि ते यायला नको होतं. गावात एक म्हातारा तांडेल होता, मोठ्या होडीचा. आदल्या वर्षी तो गेला, तेव्हा बायकोला सांगून गेला होता की माझ्या म्हाळाला दादालाच बसवा. तांडेलाचा मुलगा निरोप घेऊन आला तेव्हा त्याचाही चेहरा पडलेला होता. त्याला वाटलं असेल दादा नाही म्हणतील. दादा म्हणाले, "येतंय." काकीनं माळ्यावरून पाट काढून पुसला. तिला त्या दिवशी इतकी खूश मी पुष्कळ महिन्यांनी पाहिली. मी दादांना बाजूला घेऊन डॉक्टरांची आठवण करून दिली. ते म्हणाले, "बाई, जितो माणूस आसतो तर नाय म्हटला असता. मेलेल्याक नाय कसा म्हणू?"

तांडेलाची नात माझ्या वर्गात होती, म्हणून मलाही बोलावणं होतं. त्यांच्याकडे पितराचं पान आधी पूर्ण वाढून ठेवतात, मग माणूस बसतो. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळा, अळू, भात, वर खीर. दादा त्या रुंद पाटावर बसले तर दोन्ही बाजूंनी पाट रिकामा दिसत होता. त्यांनी एक वडा बराच वेळ लावून संपवला आणि थांबले. कपाळावर घाम आला होता. तेवढ्यात दारातून तांडेलाच्या बायकोचा आवाज आला. "काय झाला? ह्यांका आवडला नाय काय?" ती दादांना विचारत नव्हती. ती नवऱ्याबद्दल विचारत होती.

दादांनी तिच्याकडे पाहिलं आणि दुसरा वडा उचलला. मग सांबाऱ्याची वाटी. मग भात. त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या मला दिसत होत्या आणि मी काही बोलू शकत नव्हते, कारण पानावर बसलेल्याशी बोलायचं नसतं. खिरीपर्यंत पोचले आणि ते उठले. अर्ध्या पानावरून उठले. मागच्या दारानं माडाखाली गेले, आणि पुढचं सगळं घरात ऐकू आलं. तांडेलाची बायको होती तिथंच खाली बसली. मुलांनी पान उचललं. कुणी दादांना एक शब्द बोललं नाही, उलट पाणी आणून दिलं, पाठ चोळली. ते त्याहून वाईट होतं.

वाटेत ते मला म्हणाले, "मी तांडेलाच्या तोंडातला जेवान काढून ओकलंय, बाई." मी म्हटलं, असं काही नसतं. ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात नसात." त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही.

आता काकीचं सांगायला हवं, आणि ते मला सांगायला आवडत नाही. ऑपरेशननंतरही कितीतरी दिवस ती जुन्याच टोपात रांधत होती. उरलेलं गाईला, कुत्र्यांना जाई. मग टोप लहान झाला. मग ती नुसता भात करू लागली, आणि मग तोही दादाच करू लागले, कारण तिला चुलीपाशी बसवेना. तिला कसलाही आजार नव्हता. जन्मभर ती मुलगा जेवल्यावर जेवत आली होती. त्याचं ताट बघून तिचं ताट ठरायचं. आता त्याची वाटी, तर तिचीही वाटी. दादांच्या लक्षात आलं तेव्हा ती पदराखाली लपेनाशी हाडं घेऊन फिरत होती.

मग त्यांचे रोजचे तह सुरू झाले. मी शाळेतून आले की पडवीतून ऐकू यायचं. "आये, आनी एक घास घे." "तुया घे, मगे मी घेतंय." दादा एक चमचा खात, ती एक चमचा खाई. चार-पाच चमच्यांनी दादांचं पोट भरे, म्हणजे खरोखरच भरे, त्यापुढे जागाच नसे. ते थांबले की तीही थांबे. "माका पुरे. तुका भूक नाय तर माका खंयसून येतली?" तिनं हे हट्टानं केलं असतं तर मी तिच्याशी भांडले असते. तिला खरंच जात नव्हतं. मुलगा भुकेला नाही, या एका गोष्टीनं तिची भूक मेली होती.

म्हणून दादा जास्त खाऊ लागले. तिला दोन घास जास्त जावेत म्हणून ते स्वतः दोन घास जास्त कोंबत, हसून दाखवत, बोटं चाटून दाखवत, आणि मग काही निमित्त काढून विहिरीकडे जात. विहीर माझ्या खिडकीखाली होती. ज्या माणसाला आयुष्यभर कमी खा म्हणून सगळ्यांनी जीव खाल्ला, तो तिथं वाकून उलट्या करत होता आणि तोंड धुऊन पुन्हा आत जात होता, आणखी एक चमचा खायला. तालुक्याच्या डॉक्टरांनी काकीला सलाईन लावलं, टॉनिक दिलं, वय झालं म्हणाले. ती माघात गेली, सकाळी, दादांच्या मांडीवर. दादांनी तिला खांदा दिला, अग्नी दिला, सगळं रीतसर केलं. त्यांना जे हवं होतं ते झालं.

तेराव्यानंतर ते मला म्हणाले, "पोचवलंय बाई. माका येवढाच व्हया होता." आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

पुढे एकदा तपासणीसाठी मी त्यांच्याबरोबर कोल्हापूरला गेले. तिथल्या भिंतीवर बऱ्या झालेल्या लोकांचे जोडीजोडीनं फोटो लावले होते, आधीचा आणि नंतरचा. दादांचेही होते. आधीच्या फोटोत ते कट्ट्यावर बसले आहेत. तो फोटो दादांनीच दिला होता आणि मूळ फोटोत शेजारी काकी होती. तिला कापून टाकलं होतं, फक्त तिची चार बोटं दादांच्या दंडावर राहिली होती. डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाले. सगळं उत्तम आहे, म्हणाले, आता ऐंशीपर्यंत काळजी नाही. दादांनी नम्रपणे विचारलं, "ऐंशीपर्यंत काय करूचा, साहेब?" डॉक्टर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

वर्ष भरल्यावरच्या पितृपक्षात दादा माझ्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या घरी बाईच्या नावानं बाई बसवायची रीत होती. "आयेच्या पानार तुमी बसशात?" मी या गोष्टी मानत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी हो म्हटलं.

सकाळपासून ते एकटे रांधत होते. मी मदतीला गेले तेव्हा ते पीठ मळायचे थांबून चुलीपुढे नुसते बसले होते. मला म्हणाले, "बाई, पितराच्या पानार तेच्या आवडीचा एक तरी वाढूचा असता. आयेक काय आवडायचा?" मी आठवून पाहिलं. मी तिच्या घरात इतकी वर्षं राहिले होते. मला दादांच्या आवडीचं सगळं सांगता आलं असतं, कारण ती तेच करायची. तिच्या आवडीचं मला काही सांगता येईना. दादा म्हणाले, "माका पन म्हायत नाय." मग त्यांनी सगळंच केलं.

मी पानावर बसले. दादा शेजारी उकिडवे बसून वाढत होते. मी मान खाली घालून जेवत होते, वर बघायची माझी छाती नव्हती. वडा संपला की वडा येई, खीर संपली की खीर. पोट केव्हाच भरलं होतं, पण पानात काही टाकायचं नव्हतं, आणि त्या माणसासमोर तर नाहीच नाही. शेवटी त्यांचा हात थांबला. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आये, आवडला काय गो तुका?"

पानावर बसलेल्यानं बोलायचं नसतं. तरी मी हो म्हटलं.

"खोटा सांगतंस," दादा म्हणाले. "तुया कधी खरा सांगूक नाय."

आणि त्यांनी माझ्या पानावर आणखी एक वडा ठेवला.